पोरगा बँकेत लागला, छान झालं. पण किनाऱ्यावर आता कोण?

आमच्याकडे हल्ली एखादा पोरगा बँकेत लागला की गावात फ्लेक्स लागतो. मोठा फोटो, खाली बँकेचं नाव आणि कडेने अभिनंदन करणाऱ्या वीस-पंचवीस जणांचे छोटे फोटो. यातली बरीच पोरं कालपर्यंत नागाव, वरसोली, काशीद, मुरूड, दिवेआगर अशा कुठल्या तरी किनाऱ्यावर पर्यटकांना लाइफ जॅकेट बांधत असतात. कुणी बनाना राइडच्या मागे बसतं, कुणी पॅरासेलिंगचा दोर धरतं, कुणी रिसॉर्टच्या स्विमिंग पूलवर शिट्टी घेऊन उभं असतं. कॉलेजची फी आणि परीक्षेचा अर्ज याच पैशांतून भरलेला असतो. फ्लेक्सवर हे कुणी लिहीत नाही. "सुटला एकदाचा" असं मात्र सगळे म्हणतात.

मला या "सुटला" शब्दाबद्दल बोलायचंय. मी ३४ वर्षं एका सरकारी बँकेत होते, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींना गणित शिकवते. किनाऱ्यावर काम करणारी पोरं वर्गात असतात, अंगावर खारं पाणी वाळलेलं, डोळे लाल. त्यामुळे दोन्हीकडचं रोज दिसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. पोरं बँकेत जातात याचा मला आनंदच आहे, मी स्वतः त्यांना ढकलते. पण नोटा मोजायची हौस आहे म्हणून कुणी बँकेत जात नाही. ठरलेल्या तारखेला पगार, आजारपणात रजा आणि हातात नेमणुकीचा कागद, या तीन गोष्टींसाठी जातात. या तिन्ही गोष्टी किनाऱ्यावरच्या कामालाही देता येतात. आपण देत नाही. आणि त्याची किंमत एकटा तो पोरगा मोजत नाही, आपण सगळे मोजतो.

आधी हिशोब बघू.

किनाऱ्यावरचं काम म्हणजे सीझनचं काम. दिवाळी, नाताळ ते ३१ डिसेंबर, मग शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या, आणि शेवटी मे महिना. पावसाळा तोंडावर आला की जलक्रीडा बंद, मांडव्याच्या लाँचही बंद. त्याच सुमारास, १ जूनपासून, मासेमारीबंदी लागते. म्हणजे घरात बापाची होडी आणि मुलाची राइड एकाच वेळी किनाऱ्याला लागतात. तीन महिने घरात येणं काही नाही आणि शाळा-कॉलेजच्या फिया मात्र नेमक्या जूनमध्येच.

जेवढे दिवस काम, तेवढी रोजी. पर्यटक कमी आले तर रोजी कमी. बोटीला लागलं, खांदा निखळला, पायात काच गेली, तर औषधपाणी स्वतःच्या खिशातून आणि बसलेल्या दिवसांचे पैसे नाहीत. बहुतेक ठिकाणी कागदावर काहीच नसतं. कुणाचा पोरगा, कुणाचा पुतण्या, असं तोंडी लावलेलं काम.

ही परिस्थिती कशी असते ते २०२० साली सगळ्यांनी बघितलं. मार्चअखेर लॉकडाऊन लागलं आणि एप्रिल-मेचा अख्खा सीझन गेला. ३ जूनला निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर येऊन आदळलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले. बँकेतला कर्मचारी त्या काळातही तोंडाला मास्क बांधून कामावर जात होता, जिवावर उदार होऊनच जात होता, पण महिन्याच्या शेवटी त्याच्या खात्यात पगार पडत होता. शेजारच्या घरात तो फरक दिसत होता. माझ्या वर्गात त्यानंतर गर्दी वाढली, यात आश्चर्य कसलं?

आणि हे काही आजच्याच पोरांचं वेड नाही. आधीच्या पिढ्याही असाच कायम नोकरीचा खुंटा शोधत होत्या. आमच्या वडिलांच्या पिढीतली माणसं मुंबईच्या गिरणीत गेली. १९८२ चा संप झाला आणि तो रस्ता मिटला. मग थळला आरसीएफ आली, नागोठण्याला आयपीसीएल आली, १९८९ ला उरणकडे जेएनपीटी सुरू झालं. ज्याची जमीन गेली त्याच्या घरातला एक जण आत चिकटला की घर उभं राहायचं. आता तिथेही गेटवर कंत्राटदार उभा असतो. कायम नोकरी म्हणून जी काही दारं राहिली त्यात पोलीस भरती, तलाठी, शिक्षक आणि बँक. त्यातलं बँकेचं दार असं आहे की जे दर वर्षी थोडं का होईना उघडतं, मुलाखत नाही, वशिला चालत नाही. म्हणून पोरं तिकडे वळतात.

आता काउंटरचं काम. बँकेच्या भाषेत याला 'टेलर' म्हणतात. एका पोराच्या आजीने गावभर सांगितलं होतं, नातू शिवणकामाला लागला म्हणून. आपण आपलं कॅशियर म्हणू.

मी वर्गात नेहमी सांगते, किनाऱ्यावर दोन सीझन काढलेल्या पोराला कॅशियरचं निम्मं काम आधीच येतं. मे महिन्यातल्या रविवारी नागावला उभं राहून बघा. समोर बारा जणांचा ग्रुप, त्यातले चार जण घासाघीस करतायत, दोघांनी वेगवेगळ्या राइड सांगितल्या, एकाने पाचशेची नोट दिली, दुसऱ्याने क्यूआर कोडवर पाठवलेत म्हणतो पण मेसेज आलेला नाही. मागून पुढची बोट लागतेय. या गोंधळात तो पोरगा कुणी किती दिले, कुणाचे परत द्यायचे, हे डोक्यात ठेवतो आणि संध्याकाळी मालकाला रुपयाचा हिशोब देतो. त्याच्या हातातून रोज ओल्या, वाळू लागलेल्या नोटा जातात. खोटी नोट हाताला लागली तर अंगठ्यालाच कळते.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्याला "नाही" म्हणता येतं. दारू पिऊन आलेल्या माणसाला बोटीत घेत नाही म्हणजे नाही. जॅकेट घातल्याशिवाय बसवत नाही म्हणजे नाही. समोरचा मुंबईचा साहेब असो की आमदाराचा माणूस. बँकेत आम्हाला हेच करावं लागायचं. सही जुळत नाही, पैसे देता येणार नाहीत. आवाज न चढवता, माणूस न दुखावता, पण ठाम. नव्या मुलांना हे शिकायला दोन-दोन वर्षं जातात.

गणिताचंही तेच. गंमत सांगते. आपल्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, ढोबळ मानाने. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी भरलेलं. अष्टमीला सहा. हे किनाऱ्यावरचा पोरगा चालता चालता सांगतो. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलेल्या पर्यटकांना "आता निघा, पाणी चढेल" हे याच हिशोबावर तो ओरडून सांगतो. तोच पोरगा फळ्यावर तीन छेद चार लिहिलं की घाबरतो. "मॅडम, अपूर्णांक जमत नाही." अरे बाबा, तू लहानपणापासून अपूर्णांकच करतोयस!

तर, ज्यांना हा रस्ता घ्यायचाय त्यांच्यासाठी चार गोष्टी, कारण अर्धी पोरं माहितीअभावी गळतात.

वय २० ते २८, ओबीसींना ३१ पर्यंत, अनुसूचित जाती-जमातींना ३३ पर्यंत. कुठल्याही शाखेची पदवी चालते, कॉमर्सच पाहिजे असं काही नाही. सरकारी बँकांची एकत्र परीक्षा आयबीपीएस घेते, स्टेट बँक स्वतःची वेगळी घेते. आयबीपीएसने २०२५ पासून क्लार्कला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं नाव दिलंय, ती जाहिरात बघून गोंधळू नका, काम तेच. त्या वर्षीच्या पहिल्या जाहिरातीत देशभर मिळून १०,२७७ जागा होत्या. पूर्व परीक्षा १०० प्रश्न, ६० मिनिटं, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. पूर्व परीक्षेचे गुण पुढे धरत नाहीत, निवड मुख्य परीक्षेवर होते. फी ८५० रुपये, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना १७५.

पेपर मराठीतून देता येतो, हे अजून कितीतरी मुलांना माहीतच नाही. क्लार्कच्या परीक्षा इंग्रजी-हिंदीसोबत १३ प्रादेशिक भाषांमधूनही घ्याव्यात असं अर्थ मंत्रालयाने २०२१ मध्ये ठरवलं, त्यात मराठी आहे. इंग्रजीचा भाग इंग्रजीतच, पण गणित आणि तर्कबुद्धीचे प्रश्न मराठीत वाचता येतात. अर्ज भरताना भाषा निवडायची असते. तिथे घाईत चुकीचा पर्याय टिचकला की संपलं.

ओबीसी उमेदवारांनी नॉन-क्रीमीलेयरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढा. राज्याचा दाखला घेऊन गेलेली पोरं कागदपत्रं तपासताना अडकतात. निवड झाल्यावर तहसीलच्या पायऱ्या चढण्यापेक्षा आधीच करून ठेवा.

आणि वेळापत्रक. आयबीपीएसचा अर्ज बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये निघतो आणि पूर्व परीक्षा ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान होते. म्हणजे आपला बंद सीझन हाच अभ्यासाचा सीझन आहे. जून ते ऑगस्ट रोज आठ तास बसलात तर शहरातल्या क्लासवाल्या मुलांच्या बरोबरीला येता. अडचण एकच असते, त्या तीन महिन्यांत घर कसं चालवायचं. यावर मी पुढे बोलते.

आता बँकेतलं खरं चित्रही सांगते, नाहीतर सहा महिन्यांत फोन येतो, "मॅडम, हे असं सांगितलं नव्हतं तुम्ही."

पगार चांगला आहे. मार्च २०२४ च्या वेतन करारानंतर क्लार्कचं मूळ वेतन २४,०५० रुपयांपासून सुरू होतं, वर महागाई भत्ता, घरभाडं वगैरे. पण जुनी पेन्शन नाही. १ एप्रिल २०१० नंतर लागलेल्या सगळ्यांना एनपीएस. पहिली नेमणूक अलिबागला मिळेल हे डोक्यातून काढा. राज्य तुम्ही निवडता, शाखा बँक निवडते. मराठवाड्यात, विदर्भात जायची तयारी ठेवा. आईच्या हातची माशाची कालवणं विसरा काही वर्षं.

काउंटरवर संध्याकाळी कॅश जुळलीच पाहिजे. जास्त आली तर बँकेत जमा, कमी आली तर बहुतेक वेळा कॅशियरच्या खिशातून. शंभराच्या गड्डीत नव्याण्णव निघाल्या आणि गिऱ्हाईक काउंटर सोडून गेलं की ती एक नोट तुमची. खोटी नोट आली तर ती परत द्यायची नसते. शिक्का मारून जप्त करायची आणि गिऱ्हाइकाला पावती द्यायची. एका व्यवहारात चारपर्यंत सापडल्या तर महिन्याचा एकत्र अहवाल पोलिसांना जातो, पाच किंवा जास्त सापडल्या तर थेट गुन्हा नोंदवायला लागतो. समोर उभा असलेला म्हातारा कोळी म्हणतो, मला माशाच्या लिलावात मिळाली, मी काय करू? त्याचं नुकसान होतंय हे तुम्हाला दिसतं आणि तरी नोट ठेवून घ्यावी लागते. असे दिवस येतात.

आणि यंत्रं आली आहेत. पैसे काढायला एटीएम, भरायला मशीन, बाकी सगळं मोबाइलवर. मी लागले तेव्हा एका शाखेत चार-चार कॅश काउंटर होते. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून लाखभर माणसं बाहेर पडली, त्यातल्या किती जागा परत भरल्या ते शाखेत गेलात की दिसतंच. आज एका खिडकीवर एकच मुलगी कॅशही घेते, पासबुकही छापते, केवायसीही करते आणि वर विम्याच्या पॉलिसी विकायचं टार्गेटही तिच्याच गळ्यात. म्हणून मी पोरांना सांगते, काउंटर ही पहिली पायरी समजा. लागल्यावर जेएआयआयबी, सीएआयआयबीच्या परीक्षा द्या, अधिकाऱ्याच्या बढतीला बसा. फक्त नोटा मोजणाऱ्या माणसाची गरज दर वर्षी कमी होणार. माणसाशी बोलणाऱ्याची मात्र राहील.

इथे भाषेचा मुद्दा येतो. २०२५ च्या गुढीपाडव्यानंतर बँकांमध्ये मराठीवरून केवढा गोंधळ झाला, ते सगळ्यांनी पाहिलं. काउंटरवरच्या परप्रांतीय मुलांना दमदाटी करून काय मिळालं मला माहीत नाही. पण प्रश्न खोटा नव्हता. रेवदंड्याची मासळी विकणारी बाई काउंटरवर येते, तिला फॉर्म वाचता येत नाही, तिची भाषा पुस्तकी मराठीही नाही. तिचं बोलणं समजणारा माणूस पलीकडे नसेल तर ती पैसे घेऊन परत जाते आणि पतपेढीच्या एजंटाला देते. त्यानंतर त्या पैशांचं काय होतं ते या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. नियम आहेतच. क्लार्कला ज्या राज्यासाठी अर्ज केला तिथली भाषा लिहिता-वाचता-बोलता यायला पाहिजे. नियमाची खरी अंमलबजावणी म्हणजे इथल्याच किनाऱ्यावरची पोरं त्या खुर्चीत बसणं. त्यासाठी मोर्चा लागत नाही, तालुक्याला एक चांगली अभ्यासिका आणि दोन महिन्यांचं फीचं पाठबळ लागतं.

इथपर्यंत सगळे माझ्याशी सहमत असतील. आता जे सांगते ते काही जणांना टोचेल.

पोरगा बँकेत गेला. त्याची किनाऱ्यावरची जागा कुणी घेतली?

पाच-सहा सीझन काढलेल्या माणसाला कुठे खड्डा पडलाय, वाऱ्याची दिशा बदलली की पाणी कुठून ओढतं, गर्दीतला कुठला माणूस आता पाण्यात मस्ती करणार, हे सगळं कळतं. तो गेला की त्याच्या जागी बारावीला नापास झालेला अठरा वर्षांचा पोरगा येतो. पुढच्या सीझनला तोही जातो. कुणी बँकेत, कुणी पोलिसात, कुणी पुण्याला डिलिव्हरी करायला. दर वर्षी किनाऱ्यावर नवशिके. आणि दर वर्षी पर्यटक वाढलेले. रो-रो आली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू उघडला, मुंबईचा माणूस सकाळी निघून दुपारच्या जेवणाला अलिबागला पोचतो. गाड्या वाढल्या, हॉटेलं वाढली, जमिनीचे भाव आकाशाला भिडले. पाण्याशी उभ्या असलेल्या पोराची रोजी आणि शिकवण मात्र होती तिथेच.

१ फेब्रुवारी २०१६ आठवतो? मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा सगळ्यांनी विचारलं, जीवरक्षक कुठे होते? चर्चा झाल्या, बोर्ड लागले, नेमणुका झाल्या. पण नेमणुका कशा? कुठे ग्रामपंचायतीच्या, कुठे नगरपरिषदेच्या तुटपुंज्या मानधनावर. मानधन रखडलं की तो जीवरक्षक दुसरं काम बघतो. त्याला दोष देणार का? त्यालाही घर आहे.

गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांची जीवरक्षक सेवा एका संस्थेकडे देऊन पगारी, प्रशिक्षित माणसं ठेवली. तिथेही सगळं आलबेल नाही, त्यांचेही संप झाले. पण तिथे किनारा सांभाळणं ही नोकरी आहे, पगारासाठी संप करता येईल इतकी तरी नोकरी आहे. आपल्याकडे ती पोरांनी कॉलेजच्या वर्षांत करायची उनाडकी समजली जाते.

आणि आता आपल्याला मोठी स्वप्नं पडायला लागली आहेत. २०२५ मध्ये श्रीवर्धन आणि नागावची नावं ब्लू फ्लॅगसाठी पुढे आली, सगळ्यांनी स्टेटस ठेवले. चांगलंच आहे. पण त्या मानांकनाच्या निकषांत स्वच्छ पाण्याइतकीच किनाऱ्यावरची सुरक्षा धरतात, जीवरक्षक आणि प्रथमोपचार धरतात. झेंडा लावणं सोपं, झेंड्याखाली उभा राहणारा माणूस टिकवणं अवघड.

काय करता येईल? माझ्या मते चार गोष्टी, आणि त्यातली एकही अशक्य नाही.

पहिली, कागद. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायला सांगितलंय. जलक्रीडेचा परवाना देताना आणि नूतनीकरण करताना मेरीटाइम बोर्ड बोटीचे कागद मागतं, तशीच कामगारांच्या नेमणूकपत्रांची प्रत मागावी. रोजी खात्यात जमा व्हावी. त्या पोराला उद्या कर्ज लागलं, दुसरीकडे नोकरीला जायचं झालं, तर दाखवायला तीन वर्षांचं काहीतरी असेल. आज माझ्या वर्गातल्या पोराने पाच सीझन शेकडो माणसांची गर्दी आणि रोजची रोकड सांभाळलेली असते आणि कुठल्याही अर्जातल्या 'अनुभव' या रकान्यात तो 'नाही' असं लिहितो.

दुसरी, शिक्षण. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात प्रशिक्षित माणसं आणि विमा या गोष्टी आहेत. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, ती जीवरक्षण आणि बोट चालवण्याचे अभ्यासक्रम घेते. असं केंद्र रायगडच्या किनाऱ्यावर का नसावं? निदान पावसाळ्यात त्यांचे शिक्षक इथे बोलवून शिबिरं घ्यावीत.

तिसरी, पावसाळ्यातले तीन महिने. जीवरक्षकांना बारा महिने पगार द्या. समुद्र बंद म्हणजे पर्यटक बंद असं नसतं. पावसाळ्यात तर लोक खवळलेली लाट बघायला मुद्दाम येतात आणि राइड बंद असल्यामुळे किनाऱ्यावर लक्ष ठेवणारं कुणी नसतं. तेव्हाच माणसं जास्त बुडतात. बाकीच्या पोरांना याच काळात शिबिराचा भत्ता द्या, म्हणजे ज्याला शिकायचंय तो जीवरक्षण शिकेल, ज्याला बँकेचा अभ्यास करायचाय तो घरात बसून करेल. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायती गाड्यांची पार्किंग फी, प्रवेश कर घेतातच. त्यातला काही भाग याला बांधून ठेवा.

चौथी, विमा. दर माणशी वर्षाला होणारा खर्च एका बनाना राइडच्या ग्रुपच्या तिकिटापेक्षा फार जास्त नसेल. मालक मंडळी म्हणतील, परवडत नाही. बोटीचं इंजिन परवडतं, जेट-स्की परवडते, तर ती चालवणाऱ्याचा विमाही परवडेल.

मालकांवर माझा राग नाही. त्यातले निम्मे आमच्याच आळीतले आहेत, कर्ज काढून बोट घेतलेले. दोन सीझन वाया गेले तर त्यांचंही घर बुडतं. म्हणूनच हे एकट्या मालकाच्या भलेपणावर सोडता येत नाही. परवान्याच्या अटीत घातलं की सगळ्यांना सारखंच लागू होतं, आणि कागद करणारा मालक बाजारात महाग पडत नाही.

कुणी म्हणेल, एवढं सगळं दिलं तर पोरं बँकेत जायचीच थांबतील. थांबू देत की काही जण! ज्याला खरंच काउंटर आवडतो तो जाईल, आणि जाताना सोबत प्रमाणपत्रं, बचत आणि अनुभवाचा दाखला घेऊन जाईल. ज्याला पाणी आवडतं तो राहील. वर्गात मला दर वर्षी दोन-तीन पोरं अशी भेटतात की त्यांचं मन समुद्रात असतं. ती उत्तम पोहणारी असतात, माणसं वाचवलेली असतात, आणि 'लग्न जमत नाही' एवढ्या एका कारणासाठी टक्केवारीची गणितं सोडवत बसतात. मुलीचा बाप विचारतो, नोकरी काय? किनाऱ्यावर असतो, म्हटलं की चहा पिऊन उठतो. त्या बापाचंही चूक नाही. त्याला पगाराचा कागद हवा असतो. तो कागद किनाऱ्यावर मिळाला तर तो चहा घेऊन बसून राहील.

१ मेला ग्रामसभा असते, ऐन सीझनमध्ये. किनाऱ्यावरच्या गावांतल्या सगळ्यांना माझी विनंती आहे, या ग्रामसभेत उठून चार प्रश्न विचारा. आपल्या किनाऱ्यावर कोण कोण कामाला आहे, याची यादी पंचायतीकडे आहे का? त्यातल्या किती जणांनी जीवरक्षणाचं शिक्षण घेतलंय? किती जणांकडे नेमणुकीचा कागद आणि विमा आहे? आणि जीवरक्षकाचं मानधन शेवटचं कधी दिलं गेलं? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा आणि त्याचा फोटो इथे खाली टाका. कुठल्या गावात काय उत्तर मिळालं ते सगळ्यांनाच बघू दे.